हजार प्रती आणि हजारांचा उंबरठा

1996 च्या जूनमध्ये ग्लासगोमधील स्टो कॉलेजच्या संगीत व्यवसायाच्या विद्यार्थ्यांनी एका नवख्या बँडचा पहिला अल्बम काढला आणि त्याच्या मोजून 1,000 प्रती छापल्या. बँडचे नाव बेल अँड सेबॅस्टियन, अल्बमचे नाव ‘टायगरमिल्क’. दरवर्षी एका होतकरू गटाचे गाणे कॉलेजच्या इलेक्ट्रिक हनी या लेबलवर काढायचे आणि त्यामागची सगळी उस्तवार विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहायची, असा त्या अभ्यासक्रमाचा रिवाज होता. या बँडकडे मात्र इतकी गाणी तयार होती, की एका गाण्याऐवजी अख्खा अल्बमच निघाला. याच आकड्याची दुसरी गोष्ट अगदी अलीकडची आहे. मागील बारा महिन्यांत किमान 1,000 वेळा ऐकल्या न गेलेल्या गाण्याला मानधनाच्या वाटपात हिस्सा मिळणार नाही, असा नियम इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या स्पॉटिफाय या सेवेने 2024 पासून लागू केला. ‘टायगरमिल्क’ घेणाऱ्या त्या हजार जणांनी आजच्या पद्धतीने वर्षभरात त्यातले प्रत्येक गाणे एकेकदाच ऐकले असते, तर तो अल्बम या उंबरठ्याला जेमतेम टेकला असता. आणि त्यांच्यापैकी एकाने जरी एखादे गाणे गाळले असते, तरी ते गाणे हिशेबाबाहेर पडले असते.

हजाराच्या या दोन आकड्यांमधले अंतर मला केवळ तंत्रज्ञानातल्या बदलाचे वाटत नाही. पहिल्या हजारात प्रत्येक प्रतीमागे एक माणूस होता, आणि तो माणूस ती प्रत घेऊन पुढे काय करील, यावर बँडचे भवितव्य अवलंबून होते. दुसऱ्या हजारात माणूस दिसत नाही, फक्त ऐकण्याची बेरीज दिसते. एखाद्या छोट्या बँडच्या अल्बमवर जीव लावणारे, तो दुसऱ्याच्या गळी उतरवणारे, ‘आधी हा ऐक, मग तो’ असे बजावणारे चाहते ही त्या बँडची खरी पुंजी असते. त्या पुंजीवर उभ्या राहिलेल्या व्यवहारात श्रोत्याने दिलेला पैसा, त्याने जे ऐकले त्यांच्याचकडे गेला पाहिजे आणि तो तसा गेला की नाही, हे त्याला दिसले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. ते दिसायला साधे असले, तरी आजची व्यवस्था त्याच्या नेमकी उलट चालते.

आधी चाहत्यांनी नेमके काय केले, ते पाहू. बेल अँड सेबॅस्टियन हे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण प्रसिद्धीच्या रूढ साधनांशिवाय एक बँड कसा पसरू शकतो, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सहज सापडत नाही. बँडचा मुख्य गीतकार आणि गायक स्टुअर्ट मर्डॉक दीर्घकालीन थकव्याच्या आजाराने काही वर्षे घरात अडकून पडला होता आणि गाणी लिहिण्याची सुरुवात त्याच काळातली आहे. बेरोजगार संगीतकारांसाठीच्या एका सरकारी प्रशिक्षणवर्गात त्याची गाठ स्टुअर्ट डेव्हिडशी पडली आणि तिथून बँड आकाराला आला. पहिली काही वर्षे हा बँड मुलाखती जवळजवळ देतच नसे. वृत्तपत्रांना बँडचे छायाचित्र हवे असेल, तर भलत्याच कोणाचे तरी छायाचित्र पाठवले जाई. दौरे तुरळकच होत. नोव्हेंबर 1996 मध्ये लंडनच्या जीपस्टर या छोट्या लेबलने दुसरा अल्बम, ‘इफ यू आर फीलिंग सिनिस्टर’, काढला, तेव्हाही मोठ्या जाहिरातीचा पत्ता नव्हता. तरी दोन-तीन वर्षांत या अल्बमांची नावे दूरदूरच्या शहरांतल्या खोल्यांतून घेतली जाऊ लागली. हे काम ज्यांनी केले त्यांना त्याचे पैसे मिळाले नाहीत आणि त्यांनी ते मागितलेही नाहीत.

मी त्या साखळीतला फार उशिराचा आणि फार लांबचा दुवा आहे. पुण्यात भाड्याच्या खोलीत राहत असताना, 2000 च्या सुमारास, ब्रिटनमध्ये शिकून परतलेल्या एका मित्राने मला नव्वद मिनिटांची एक कॅसेट दिली. एका बाजूला ‘टायगरमिल्क’, दुसऱ्या बाजूला ‘सिनिस्टर’. दोन्ही अल्बम साधारण एकेचाळीस मिनिटांचे असल्याने ते पंचेचाळीस मिनिटांच्या एकेका बाजूवर असे नेमके बसत, की जणू कॅसेटच्या मापानेच रचले असावेत. बाजू संपताना तीन-चार मिनिटांची नुसती खरखर उरे, आणि ती खरखरही पुढे मला अल्बमचाच भाग वाटू लागली. मित्राने कॅसेटच्या वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन्ही चौकोनी तुकडे मोडून टाकले होते, म्हणजे चुकूनही त्यावर दुसरे काही भरले जाऊ नये. आतल्या पुठ्ठ्यावर गाण्यांची नावे बारीक अक्षरात, क्रमाने लिहिली होती, आणि सोबत चार घड्या घातलेली एक झेरॉक्स होती. त्यावर ‘टायगरमिल्क’च्या वेष्टनावर छापलेली छोटीशी गोष्ट होती, सेबॅस्टियन आणि इझाबेल यांची ग्लासगोतल्या हिलहेड भुयारी स्थानकाबाहेर गाठ पडते ती. ग्लासगोचा नकाशाही न पाहिलेल्या मला हिलहेड हे नाव डेक्कन किंवा स्वारगेटइतके परिचयाचे झाले, ते त्या झेरॉक्समुळे.

या कॅसेटमागे किती निर्णय होते, हे मला पुढे स्वतः इतरांना कॅसेट भरून देऊ लागल्यावर कळले. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत त्या काळी ‘कॅसेट भरून मिळेल’ अशी पाटी लावलेली दुकाने होती. चिठ्ठीवर गाणी लिहून द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. तिथे आपण गाणी निवडायचो, क्रम ठरवायचो. अल्बम भरून देताना यातले काहीच करायचे नसते. सगळी गाणी, सगळी त्याच क्रमाने, नावडते गाणेही न गाळता द्यायचे असते, आणि त्यात एक संयम असतो. ‘तुला तिसरे गाणे कंटाळवाणे वाटेल, पण पळवू नकोस, त्याच्यामुळेच चौथे उठते’, असे मी एकाला सांगितल्याचे मला आठवते, आणि तसे सांगण्याचा मला काय अधिकार होता, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

चाहत्यांच्या गप्पांत ‘कोणता अल्बम आधी’ हा वाद कधीच मिटत नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला तो पोरकट वाटतो. मला तो तसा वाटत नाही. ‘सिनिस्टर’ आधी ऐकणाऱ्याला हा बँड हळव्या, लाजऱ्या, घराच्या खिडकीशी बसून जग पाहणाऱ्या माणसांचा वाटतो. 1998 चा ‘द बॉय विथ द अरब स्ट्रॅप’ आधी ऐकणाऱ्याला तीच माणसे टाळ्या वाजवत रस्त्यावर आलेली दिसतात. त्या अल्बमच्या शीर्षकगीताला प्रेक्षकांतल्या लोकांना मंचावर नाचायला बोलावण्याची प्रथा बँडने पुढे वर्षानुवर्षे पाळली. आणि 2003 चा ‘डिअर कॅटस्ट्रॉफी वेट्रेस’ आधी ऐकणाऱ्याला वाटते, की हा तर चकचकीत, दिलखुलास पॉप वाजवणारा गट आहे. या शेवटच्या अल्बमवरून चाहत्यांत उभी फूट पडली. निर्माता म्हणून ट्रेव्हर हॉर्न यांना बोलावले होते, ज्यांची ख्याती 1980 च्या दशकातल्या भव्य, चकाकत्या ध्वनिमुद्रणांसाठी होती. घरगुती, किंचित कच्च्या आवाजावर प्रेम करणाऱ्यांना तो विश्वासघात वाटला. माझा कल सुरुवातीला त्यांच्याच बाजूला होता. आज तो अल्बम ऐकताना माझे तेव्हाचे मत मला हट्टी वाटते. घाबरत घाबरत गाणारा माणूस बरा होऊन मोठ्याने गाऊ लागला, तर त्याच्यावर रागावण्याचे कारण नव्हते. पण तो राग बिनबुडाचा असला, तरी त्यामागे त्या लोकांनी आधीचे अल्बम नीट, पुन्हा पुन्हा, सलग ऐकलेले होते. वर्षानुवर्षे सलग ऐकल्याशिवाय अशा फरकावरून कोणी भांडत नाही.

शिफारस करणारे यंत्र हा वाद घालू शकत नाही. ते मला ऐकवते, पण त्याला माझ्याशी मतभेद नसतो. एखादे गाणे अर्ध्यावर सोडले, की ते पुढच्या वेळी तसले गाणे टाळते. मित्राने मात्र मला ते पुन्हा ऐकायला लावले असते. यंत्राच्या शिफारशींतून मला काही चांगले कधी सापडलेच नाही, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. सापडले आहे, आणि अनेकदा. मुद्दा हा, की त्या शिफारशीचा घटक गाणे असतो, अल्बम क्वचितच असतो. नोव्हेंबर 2021 मध्ये अडेल या गायिकेने नव्या अल्बमच्या वेळी विनंती केली, तेव्हा कुठे स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचे गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारे मुख्य बटण काढून क्रमाने वाजवण्याला अग्रस्थान दिले. गाण्यांचा क्रम विचारपूर्वक लावलेला असतो, ही गोष्ट पटवून द्यायला जगातल्या सर्वाधिक खपणाऱ्या गायिकांपैकी एक लागते, यावरून छोट्या बँडच्या शब्दाला तिथे काय वजन असेल, ते समजून घ्यावे.

आता पैशाकडे येतो, कारण खरा प्रश्न तिथे आहे. प्रेमाच्या गोष्टी सांगून झाल्यावर हिशेबाचा विषय काढणे अनेकांना अप्रशस्त वाटते, पण बँडला स्टुडिओचे भाडे द्यावे लागते. बहुतेक मोठ्या सेवांचा हिशेब असा चालतो: एका देशातल्या सर्व वर्गणीदारांचे पैसे एका हौदात जमा होतात, सेवा आपला वाटा काढून घेते आणि उरलेली रक्कम एकूण ऐकण्यांच्या प्रमाणात वाटली जाते. सोपे उदाहरण घेऊ. समजा, असे दोनच वर्गणीदार आहेत. दोघे महिन्याला 150 रुपये देतात. सेवेचा वाटा वजा जाता प्रत्येकाचे 100 रुपये उरतात, म्हणजे हौदात 200. मी महिन्याभरात केवळ बेल अँड सेबॅस्टियनची 100 गाणी ऐकली. दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर गाणी लागलेली असतात आणि त्याच्याकडे चालू हंगामातली लोकप्रिय गाणी 900 वेळा वाजली. एकूण ऐकणी 1,000. त्यांपैकी माझ्या बँडची एकदशांश. बँडला मिळाले 20 रुपये. माझ्या 100 रुपयांतले 80 रुपये अशा गाण्यांना गेले, जी मी ऐकलीच नाहीत आणि कदाचित ऐकणारही नाही. या व्यवस्थेत ज्याच्याकडे गाणी जास्त वेळ नुसती वाजत राहतात, त्याचे मत जड होते. जो कमी पण एकाग्रतेने ऐकतो, त्याचे हलके. आणि छोट्या बँडचे चाहते बहुधा दुसऱ्या प्रकारचे असतात.

त्यावर हजारांचा उंबरठा आला. स्पॉटिफायची बाजू प्रामाणिकपणे मांडायची, तर अशा गाण्यांना महिन्याला सरासरी तीन सेंट मिळत होते, आणि एवढी क्षुल्लक रक्कम वितरकाच्या किंवा बँकेच्या किमान मर्यादेत अडकून कलाकारापर्यंत पोहोचतच नव्हती, असे कंपनी सांगते. शिवाय हे पैसे कंपनी स्वतःकडे ठेवत नाही, उंबरठा ओलांडणाऱ्या इतर गाण्यांत ते वाटले जातात. बनावट गाणी लाखांनी चढवून चिल्लर गोळा करणाऱ्यांना आळा बसावा, हाही हेतू सांगितला गेला. हे सर्व मान्य केले, तरी एक गोष्ट उरते. एखाद्या दुकानदाराने ‘तुमचे चार आणे फार थोडे आहेत, म्हणून ते मी शेजारच्या श्रीमंत गिऱ्हाइकाच्या खात्यात टाकतो’ असे म्हटले, तर ते आपण ऐकून घेणार नाही. रक्कम पोहोचत नसेल, तर ती साठू द्यावी. सुरुवातीच्या बँडला तीन सेंटांनी काहीच फरक पडत नाही, हे खरे. पण आपण मोजले गेलो, याचा पडतो. मराठीत साठच्या दशकात शेकड्यांत निघणाऱ्या लघुअनियतकालिकांचा खप पाहून कोणी त्यांना हिशेबाबाहेर काढले असते, तर आपल्या कवितेचा नकाशा आज काय दिसला असता, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

पर्याय नवा नाही. प्रत्येक वर्गणीदाराचे पैसे त्याने ऐकलेल्यांतच वाटावेत, ही श्रोताकेंद्री पद्धत बरीच वर्षे चर्चेत आहे. साउंडक्लाउड या संगीतसेवेने 2021 मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी ती प्रत्यक्षात आणली. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेच्या समितीने स्ट्रीमिंगच्या, म्हणजे इंटरनेटवरून गाणी ऐकवण्याच्या, अर्थकारणावर विस्तृत चौकशी करून या व्यवस्थेची घडी पूर्णपणे नव्याने बसवण्याची गरज आहे, असा अहवाल दिला. म्हणजे हा काही मूठभर हळव्या चाहत्यांचा तक्रारीचा सूर राहिलेला नाही.

या पद्धतीविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र टाळता येत नाही. फ्रान्समधील राष्ट्रीय संगीत केंद्राने 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसले, की पद्धत बदलल्यास अगदी वरच्या कलाकारांचा वाटा घटतो आणि काही संगीतप्रकारांना लाभ होतो. पण तळाच्या असंख्य कलाकारांच्या पदरात वर्षाकाठी पडणारी भर फार तर काही युरोंची असते. तेव्हा एवढ्यासाठी सगळी यंत्रणा बदलायची का, असा सवाल येतो. माझे उत्तर दोन पदरी आहे. श्रोताकेंद्री वाटपाने गरीब बँड सुखवस्तू होईल, असा माझा दावाच नाही. कोणत्याही वाटपाने लहान हौदातून मोठे उत्पन्न निघत नाही. पण रक्कम लहान असली, तरी ती कोणाची आहे, हा प्रश्न लहान होत नाही. शिवाय सरासरीत एक प्रकारचा बँड लपून जातो. हजारो कलाकारांपैकी बहुतेकांना निष्ठावान श्रोते नसतातच, त्यामुळे त्यांचे उत्पन्न कोणत्याही पद्धतीत जेमतेमच राहते. ज्यांचे श्रोते थोडे पण घट्ट आहेत, अशांचा विचार वेगळा केला पाहिजे, आणि 1996 सालचा बेल अँड सेबॅस्टियन नेमका तसा होता.

चाहत्यांच्या बाजूने बोलताना त्यांच्या घोळांविषयी गप्प बसणे बरे नाही. फेब्रुवारी 1999 मध्ये ब्रिटनच्या ‘ब्रिट’ या संगीत पुरस्कारांत या बँडला सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार मिळाला. निकाल रेडिओ श्रोत्यांच्या मतदानावर होता, आणि स्टेप्ससारखे लाखोंनी खपणारे पॉप गट मागे पडले. स्टेप्सचे निर्माते पीट वॉटरमन यांच्यासह अनेकांनी संशय घेतला, वृत्तपत्रांत गदारोळ झाला. संगणकांवरून संघटितपणे मते टाकली गेली, असा आरोप झाला. पुरस्कार बँडकडेच राहिला. हा प्रसंग चाहते अजून मिटक्या मारत सांगतात, आणि मलाही तो ऐकताना हसू आवरत नाही. पण त्यातला पेच गंभीर आहे. थोड्या लोकांचे उत्कट प्रेम बहुसंख्यांच्या मध्यम आवडीवर मात करू शकते, तेव्हा न्याय कोणत्या बाजूला असतो? पुरस्कार देशाचा असेल आणि निकाल मतांवर असेल, तर एकेका माणसाला एकच मत, हा नियम पाळलाच पाहिजे, आणि चाहत्यांनी तो वाकवला असेल, तर ती चूक होती. गंमत अशी, की हाच नियम वर्गणीला लावला, तर आजची पद्धत टिकत नाही. दिवसभर गाणी वाजवत ठेवणाऱ्याच्या पैशाला दहापट मत देणारा हौद आणि एकाच संगणकावरून दहा मते टाकणारा चाहता, या दोघांची चूक एकाच जातीची आहे. पहिल्याविषयी मात्र वृत्तपत्रांत गदारोळ होत नाही.

कॅसेट भरून देणे ही चोरी नव्हती का, असाही प्रश्न येईल, आणि ज्याने स्वतः डबल डेकवर अर्धा डझन प्रती काढल्या त्याला तो टोचतोच. कायद्याच्या भाषेत उत्तर सरळ आहे. व्यवहाराच्या भाषेत ते थोडे वेगळे निघते. ‘टायगरमिल्क’च्या मूळ हजार प्रती संपल्यानंतर तो अल्बम दुकानात मिळतच नव्हता, जुन्या प्रतींना शेकडो पौंड मोजले जात होते, आणि त्यातला एक पैसाही बँडला जात नव्हता. चाहत्यांनी तो कॅसेटवरून कॅसेटवर पोहोचवत ठेवला नसता, तर जीपस्टरने 1999 मध्ये तो पुन्हा काढला तेव्हा कोणाला त्याची चाहूल लागली असती? त्या वेळी तीन वर्षे जुना, अनेकांनी भरून घेतलेला हा अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या वीसांत गेला. ज्यांच्याकडे कॅसेट होती, त्यांनीच तो पुन्हा विकत घेतला असणार. प्रेम वाटणारे पैसे बुडवतात, हा व्यापाऱ्यांचा जुना समज या एका उदाहरणाने खोटा ठरत नाही, पण तो डळमळीत नक्कीच होतो. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या कॅम्बर सँड्स येथील एका सुट्टी-छावणीत बँडने बोवली वीकेंडर हा तीन दिवसांचा मेळा भरवला. स्वतःच्या आवडीच्या गटांना बोलावून लोकांना ऐकवणे, म्हणजे बँडने स्वतःच चाहत्याची भूमिका घेणे, हेच त्याचे स्वरूप होते.

आपल्याकडे हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. पुण्यातून 2010 मध्ये सुरू झालेल्या एनएच7 वीकेंडरसारख्या महोत्सवांनी स्वतंत्र बँडना मंच मिळवून दिला, पण मंचावरून उतरल्यावर त्यांचे अल्बम कुठे आणि कोणत्या हिशेबात जातात, याची चर्चा आपण फारशी करत नाही. कलावंताच्या वाट्यात कायद्याने हात घालणे हेही आपल्याला नवे नाही: 2012 च्या प्रताधिकार दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा स्वामित्वधनाचा वाटा त्यांच्याकडून निर्मात्याला लिहून घेता येणार नाही, अशी तरतूद केली. चित्रपटसृष्टीत दशकानुदशके रुळलेली पद्धत संसदेने बदलली आणि त्यामुळे चित्रपट निघायचे थांबले नाहीत. मग वर्गणीचा हौद ही काही दैवी रचना आहे, असे मानण्याचे कारण काय?

माझ्या मते सुरुवात मोठ्या कायद्याने करण्याची गरज नाही. पावतीपासून करावी. वीजमंडळ मला किती युनिट वापरले ते छापून देते. दूधवाला महिनाअखेरीस खाडे वजा करून हिशेब देतो. संगीताची सेवा वर्षाच्या शेवटी मला रंगीबेरंगी चित्रांतून सांगते, की मी कोणाला किती मिनिटे ऐकले, माझा आवडता कलाकार कोण, मी त्याच्या श्रोत्यांत कितवा. ही सारी मोजदाद तिच्याकडे असते, आणि ती सजवून मला दाखवण्यामागे तिचा स्वार्थही असतो, कारण मी ते चित्र चार जणांना पाठवतो आणि सेवेची फुकट जाहिरात होते. त्याच पानावर आणखी एक ओळ यावी: तुमच्या वर्गणीतले इतके पैसे या कलाकाराकडे गेले. ती ओळ छापणे सक्तीचे करावे. तेवढी छापली, तर श्रोताकेंद्री वाटप हवे की नको, यावर तज्ज्ञांच्या समित्या बसवण्याआधी श्रोतेच बोलू लागतील. हौदपद्धतीचे समर्थन करणाऱ्यांनाही यात हरकत वाटू नये. त्यांची पद्धत न्याय्य असेल, तर ती उघड्यावर टिकेल.

तोवर चाहत्याने काय करावे, याचे उत्तर जुनेच आहे. ज्या अल्बमवर जीव आहे तो विकत घ्यावा. 2008 पासून चालणाऱ्या बँडकॅम्पसारख्या ठिकाणी डिजिटल विक्रीतला साधारण 15 टक्के वाटा संकेतस्थळ घेते आणि देयकाचा खर्च वजा जाता उरलेला पैसा कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातो. 2020 च्या टाळेबंदीपासून ठरावीक शुक्रवारी तो वाटाही सोडला जातो. त्या संकेतस्थळाची मालकी पुढे दोनदा बदलली आणि 2023 मध्ये जवळपास अर्ध्या कर्मचाऱ्यांना नारळ मिळाला, हे पाहता त्याच्यावर विसंबून राहणेही भाबडेपणाचे ठरेल. पण निदान तिथे विकत घेणाऱ्याचे पैसे कोणाला गेले, हे कळते.

गेल्या दिवाळीत माझा भाचा चार दिवस घरी होता. त्याने कपाटातली ती कॅसेट पाहिली आणि ती वाजवायला घरात काहीच उरलेले नाही, हे कळल्यावर विचारले, “मामा, मग यांतला कुठला आधी ऐकू?” मी ‘सिनिस्टर’ म्हणालो, सलग ऐक म्हणालो, आणि पुढे काही बोलण्याचा मोह आवरला. त्याने गच्चीवर जाऊन फोनवर तो पूर्ण ऐकला. तासाभराने खाली आला तो एका गाण्याविषयी तक्रार घेऊनच, आणि आमचा वाद जेवणापर्यंत चालला. जेवताना मी त्याला विचारले, की या एकेचाळीस मिनिटांचे तुझ्या वर्गणीतून त्या लोकांना किती मिळाले असतील. त्याने ताट बाजूला सारून फोन घेतला, सेटिंग उघडले, खाते उघडले, वर्गणीचे पान उघडले. पुढच्या महिन्याची तारीख होती, रक्कम होती, कार्डाचे शेवटचे चार आकडे होते. “इथे तर नाहीये कुठे,” तो म्हणाला, आणि अजून खाली सरकवत राहिला.